तुरुंगातून पंतप्रधानपदापर्यंत : न्यूझीलंडचे पीटर फ्रेझर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धातले नेते म्हटले की चर्चिल, रूझवेल्ट, स्टॅलिन ही नावे आपल्या तोंडी येतात. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत त्याचे नाव या सभागृहात फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्याचा देश लहान, तेव्हा १६ लाख वस्तीचा. आपल्याकडचा एखादा जिल्हा त्याहून मोठा भरेल. पण हा माणूस गोदी कामगार होता, युनियनचा अध्यक्ष होता, राजद्रोहाच्या आरोपाखाली वर्षभर तुरुंगात बसला होता, आणि पुढे युद्धाच्या ऐन धुमाळीत देशाचा पंतप्रधान झाला. जवळपास दहा वर्षे त्या खुर्चीवर राहिला. पार्लमेंटात तर ३२ वर्षे. त्याचे नाव पीटर फ्रेझर.

आता याची गोष्ट रेल्वेच्या आणि टपालाच्या कामगारांनी का ऐकावी? कारण आपल्यातला माणूस मंत्री झाला की आपल्याला दोनच गोष्टी करता येतात असे आम्हाला दिसते. पहिली दोन वर्षे हारतुरे, आणि नंतर गद्दार म्हणून शिव्या. आपल्याच चळवळीकडे पाहा. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना उभारणारे व्ही. व्ही. गिरी १९५२ साली केंद्रात कामगारमंत्री झाले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ साली त्यांनी राजीनामा दिला. त्याबद्दल आपण त्यांना नमस्कार करतो. पण मे १९७४ मध्ये आपला २० दिवसांचा संप मोडला गेला तेव्हा राष्ट्रपती भवनात तेच गिरी होते. आणि त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस १९८९ साली स्वतः रेल्वेमंत्री झाले. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. तो परक्या देशात, परक्या माणसाच्या बाबतीत तपासला तर डोके जरा थंड ठेवून तपासता येतो, म्हणून फ्रेझर.

फ्रेझरचा जन्म १८८४ चा, स्कॉटलंडच्या उत्तर भागातल्या हिल ऑफ फर्न या खेड्यातला. बाप जोडे शिवणारा. घरची ओढाताण, त्यामुळे शाळा लहानपणीच सुटली आणि पोरगा सुतारकामाला लागला. दृष्टी जन्मभर अधू, पण वाचनाचे वेड जबर. लंडनमध्ये सुतारकी करता करता १९०८ मध्ये तो तिथल्या समाजवादी पक्षात, इंडिपेंडंट लेबर पार्टीत शिरला. मग काम मिळेना. १९११ च्या सुरुवातीला तो न्यूझीलंडला ऑकलंड बंदरात उतरला आणि गोदीवर कामाला लागला. थोड्याच काळात तिथल्या मजूर युनियनचा अध्यक्षही झाला.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा सक्तीचा लवाद होता. युनियनने कायद्याखाली नोंदणी करायची, तंटा लवाद कोर्टात न्यायचा, संप करायचा नाही. सुरुवातीला कामगारांना हे गोड लागले. पुढे महागाई चढत गेली आणि कोर्टाचे निवाडे मागे पडत गेले, तेव्हा खाणी, गोद्या इथले कामगार नोंदणी सोडून बाहेर पडू लागले. त्यांची फेडरेशन ‘लाल फेडरेशन’ म्हणून ओळखली जाई. फ्रेझर या बाजूचा. १९१२ मध्ये वायही इथे सोन्याच्या खाणीतल्या कामगारांचा संप चिरडला गेला आणि त्यात फ्रेड इव्हान्स हा कामगार मारला गेला. १९१३ मध्ये गोद्यांचा मोठा संप झाला. सरकारने खेड्यापाड्यांतून शेतकरी घोड्यावर बसवून, हातात दंडुके देऊन खास पोलीस म्हणून शहरात आणले. त्या वेळी वेलिंग्टनमध्ये फ्रेझरला अटक झाली.

एवढी शिकवण घेऊन तो १९१६ ला आला. त्या साली दोन गोष्टी घडल्या. मजूर पक्ष स्थापन झाला, त्यात फ्रेझर होताच. आणि पहिल्या महायुद्धासाठी सरकारने सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. फ्रेझरचे म्हणणे असे की, गरिबाचा मुलगा जबरदस्तीने ओढून नेता, मग श्रीमंताची तिजोरी का नेत नाही? त्याने जाहीर सभेत हा कायदा रद्द करण्याची मागणी केली. त्यावर राजद्रोहाचा खटला झाला. आपण कायदा मोडा असे म्हटले नाही, कायदा बदला एवढेच म्हटले, असा बचाव त्याने केला. मॅजिस्ट्रेटला तो पटला नाही. शिक्षा १२ महिने. ती त्याने पुरी भोगली. बॉब सेंपल आणि पॅडी वेब हे खाणकामगारांचे दोन पुढारीही याच प्रश्नावर तुरुंगात गेले. वेबची तर पार्लमेंटातली जागा गेली. ही दोन नावे ध्यानात ठेवा.

ऑक्टोबर १९१८ मध्ये वेलिंग्टनच्या पोटनिवडणुकीत फ्रेझर निवडून आला. पुढच्याच महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ आली. साथीत त्या लहानशा देशात साडेआठ हजारांवर माणसे मेली. नवा खासदार मदतीची व्यवस्था लावत आजाऱ्यांच्या घरोघर फिरत होता. सार्वजनिक आरोग्याचे भूत त्याच्या मानेवर बसले ते तेव्हापासून, असे मानायला जागा आहे. कारण १७ वर्षांनी, नोव्हेंबर १९३५ मध्ये मायकेल सॅव्हेज यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचे पहिले सरकार आले तेव्हा आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही खाती फ्रेझरने घेतली.

या सरकारने केले काय, हे जरा सावकाश सांगायला हवे, कारण पुढचा हिशेब मांडताना ही बाजू विसरून चालणार नाही. १९३६ मध्ये ४० तासांचा आठवडा आणला. मंदीत कापलेले पगार परत दिले. आधीच्या सरकारने सैल केलेला लवाद पुन्हा सक्तीचा केला आणि युनियनचे सभासदत्वही सक्तीचे केले. १९३७ मध्ये शाळेतल्या मुलांना रोज फुकट दूध सुरू झाले. १९३८ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३९ पासून लागू झाला. म्हातारपण, आजार, बेकारी, वैधव्य या सगळ्यांसाठी एकच व्यवस्था. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. फ्रेझर त्यांच्याशी महिनोन्‌महिने वाटाघाटी करत बसला. कुठे नमला, कुठे ताणले. १९३९ मध्ये बाळंतपण आणि इस्पितळ फुकट झाले. डॉक्टरकडे जाण्याचा खर्च पुरता फुकट करता आला नाही, पण १९४१ पासून दर भेटीमागे साडेसात शिलिंग सरकार भरू लागले. वाटाघाटी ज्याने केल्या आहेत त्यालाच कळते की सगळे मागून निम्म्याहून अधिक पदरात पाडणे काय चीज आहे.

शिक्षणात त्याचे म्हणणे होते की हुशार असो वा नसो, गावातला असो वा शहरातला, प्रत्येक मुलाला झेपेल तितके शिक्षण फुकट मिळालेच पाहिजे. ज्याची स्वतःची शाळा लहानपणी सुटली त्याने हे कागदावर आणले. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे या कलमाचे मोल आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

आता युद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारने स्वतःचा निर्णय घेऊन जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केले. आपल्याकडे व्हाइसरॉयने कुणाला न विचारता आपल्याला युद्धात ढकलले. हा फरक लक्षात घ्या. सॅव्हेज कर्करोगाने आजारी होते. मार्च १९४० मध्ये ते वारले आणि फ्रेझर पंतप्रधान झाला. हिटलर तेव्हा फ्रान्सच्या वेशीवर होता. ३१ मे रोजी पार्लमेंटने एक कायदा मंजूर केला. माणूस, त्याचे श्रम आणि त्याची मालमत्ता, सगळेच युद्धासाठी ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. जुलैमध्ये स्वेच्छेची भरती बंद होऊन सक्तीची भरती सोडतीने सुरू झाली. ज्या खात्याने ही भरती केली त्याचा मंत्री कोण? बॉब सेंपल! १९१६ मध्ये याच कारणासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने आपल्या हाताने सोडतीच्या पहिल्या गोट्या काढल्या. कामगारमंत्री कोण? पॅडी वेब.

शिव्या द्यायला ही जागा अगदी तयार आहे. पण आम्ही म्हणतो, जरा थांबा. फ्रेझरचे उत्तर असे होते की, १९१६ मध्ये माणसे घेतली आणि पैसा सोडला, या वेळी दोन्ही घेऊ. हे नुसते बोलणे नव्हते. न्यूझीलंडने युद्धाचा खर्च मुख्यतः करांतून आणि देशातल्या कर्जातून भागवला, करांचे ओझे जबर होते. डिसेंबर १९४२ पासून पगार गोठवले तसे भाव आणि घरभाडीही गोठवली. शिवाय १९१४ चे युद्ध आणि हिटलरचे युद्ध एकाच तागडीत घालता येत नाही. हिटलरने सत्तेवर येताच, मे १९३३ मध्ये, जर्मनीतल्या सगळ्या युनियन्सच्या कचेऱ्या एका दिवसात ताब्यात घेतल्या होत्या. तेव्हा नुसत्या भरतीवरून फ्रेझरला कुणी बाटगा म्हटले तर आम्हाला ते पटत नाही.

सेनापतींच्या हाती तो आंधळेपणाने गेला नाही, हेही त्याच्या पदरात टाकले पाहिजे. १९४१ मध्ये ग्रीसच्या मोहिमेत न्यूझीलंडची फौज उतरवली गेली. आपल्या सेनापतीला, फ्रायबर्गला, त्या मोहिमेबद्दल शंका होत्या, हे फ्रेझरला मागाहून कळले. त्याने ताकीद दिली की यापुढे असे काही असेल तर सरळ आपल्या सरकारला कळवायचे. त्याच मे महिन्यात क्रीट बेट पडले तेव्हा फ्रेझर इजिप्तमध्ये होता. आधीच पुष्कळ जहाजे बुडाली होती, आरमार आणखी धोका घ्यायला नाखूष होते. शेवटच्या रात्री आणखी माणसे सोडवायला जहाज पाठवा, म्हणून तो अडून बसला. जहाज गेले आणि आणखी सैनिक सुटले. तरी हजारो मागे राहून कैद झाले.

याच फौजेशी आपलाही संबंध आला. मार्च १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोच्या लढाईत न्यूझीलंडची आणि आपली चौथी डिव्हिजन फ्रायबर्गच्याच हाताखाली लढल्या. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारीशेजारी होत्या. त्याच दिवशी आपल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. फ्रेझरचा सैनिक सोडतीत नाव निघून गेला होता. आपला कागदोपत्री राजीखुशीने गेला होता. त्यातली किती खुशी होती आणि किती कोरडवाहू जमीन, हे नगर-साताऱ्याकडच्यांना विचारावे.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर अभ्यासवर्ग कशाला?

सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक धरणार नाही, असे म्हणणारे लोक प्रत्येक देशात असतात. पहिल्या युद्धात त्यांची बाजू घेणारा पक्ष आता सत्तेवर होता. तरीही सुमारे ८०० जणांना या सरकारने युद्ध संपेपर्यंत छावण्यांत डांबले. शिक्षेला मुदत नाही, युद्ध संपेल तेव्हा सुटका. ब्रिटनमध्येसुद्धा इतकी कडक वागणूक नव्हती. ऑर्मंड बर्टन नावाचे एक धर्मगुरू होते. पहिल्या युद्धात त्यांना शौर्यपदक मिळाले होते. ते युद्ध पाहूनच ते शांततावादी झाले. त्यांच्या छोट्या शांततावादी संघाचे पत्रक संपादित केल्याबद्दल १९४२ मध्ये त्यांना अडीच वर्षांची शिक्षा झाली. कम्युनिस्टांचे वृत्तपत्र १९४० मध्येच बंद केले गेले. टपालाच्या मित्रांना सांगायला हवे की पत्रे उघडून वाचणेही चालूच होते. भाषणाबद्दल १२ महिने भोगलेल्या माणसाच्या राज्यात पत्रकाबद्दल अडीच वर्षे!

संपाचे काय झाले? ऑक्टोबर १९३९ मध्येच आणीबाणीच्या नियमांखाली संप बेकायदा ठरवला होता. आपण अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम १९६० च्या जुलैतल्या संपात पाहिला, १९६८ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा पाहिला, तेव्हा त्याची चव आपल्याला ठाऊक आहे. पुढे १९४२ मध्ये कामगारांना ‘आवश्यक’ उद्योगांशी बांधले. सरकारच्या परवानगीशिवाय नोकरी सोडायची नाही, सांगतील तिथे कामावर जायचे. हे खाते चालवायला फ्रेझरने कुणाला मंत्री केले? कामगार फेडरेशनचा अध्यक्ष अँगस मॅकलेगन याला. अध्यक्षपद आणि मंत्रिपद दोन्ही त्याच्याकडे राहिले. म्हणजे कामगाराने गाऱ्हाणे घेऊन फेडरेशनकडे जावे तर तिथे मंत्रीच बसलेला! आम्हाला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक गोष्ट ही झाली. भरतीपेक्षाही घातक. कायदा एक दिवस मागे घेता येतो, पण युनियनची जीभ मंत्रिमंडळात गहाण पडली की ती सोडवायला फार वेळ लागतो.

फ्रेझर नुसता दांडगाई करणारा होता असे मात्र नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये वायकाटोच्या कोळसा खाणीत संप झाला. विरोधी पक्ष म्हणाला, घाला तुरुंगात. फ्रेझरने युद्धकाळापुरत्या त्या खाणीच सरकारी ताब्यात घेतल्या आणि तंटा मिटवला. विरोधी पक्ष रागावून संयुक्त युद्ध-मंत्रिमंडळातून बाहेर पडला. ही त्याची जुनी युनियनवाल्याची नस होती.

सैनिकांच्या बाबतीत ती नस चुकली. जुलै १९४३ मध्ये सुमारे ६,००० जुने सैनिक तीन महिन्यांच्या रजेवर घरी आले. पाहतात तो, एकदाही आघाडीवर न गेलेले धडधाकट लोक कारखान्यांत बऱ्या पगारावर आहेत. सैनिक म्हणाले, आधी त्यांची पाळी एकदा लावा, मग आम्हाला दुसऱ्यांदा बोलवा. शेकड्यांनी माणसे परतीच्या बोटीवर चढायला तयार होईनात. मित्रांनो, हा काही भेकडपणा नव्हता, ही वाळवंटातल्या लढाया मारून आलेली माणसे होती. आपल्या भाषेत सांगायचे तर हा ड्युटी-रोस्टरचा झगडा होता, लिंक नीट लावा एवढीच मागणी. सरकारने वर्तमानपत्रांना त्यावर छापू दिले नाही, खटले भरले. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केल्या तेव्हा सरकारने त्यांना फौजेतून काढून टाकले.

युद्ध संपता संपता या सरकारने पुन्हा कामगारांना पुष्कळ दिले. १९४४ मध्ये सर्वांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा, १९४५ मध्ये किमान वेतनाचा कायदा, १९४६ पासून प्रत्येक मुलामागे आठवड्याला दहा शिलिंग भत्ता, तोही उत्पन्नाची चौकशी न करता, सरसकट. संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा, १९४५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत बड्या राष्ट्रांच्या नकाराधिकाराला विरोध करणाऱ्या लहान देशांत फ्रेझर पुढे होता. विश्वस्त प्रदेशांविषयीच्या समितीचा तो अध्यक्ष होता. वसाहतींना स्वातंत्र्याकडे नेण्याची भाषा तिथे लिहिली गेली. एप्रिल १९४९ मध्ये भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकतो, हे ज्या लंडनच्या बैठकीत ठरले तिथे नेहरूंबरोबर तोही होता.

आणि त्याच १९४९ मध्ये त्याने जे केले त्याचे समर्थन आम्हाला करता येत नाही. हिटलर मरून चार वर्षे झाली होती. शीतयुद्ध पेटले होते. फ्रेझरने शांततेच्या काळात सक्तीचे लष्करी शिक्षण आणायचे ठरवले. पक्षातून, युनियन्समधून विरोध झाला म्हणून ३ ऑगस्टला सार्वमत घेतले. प्रचार सरकारी पैशाने, रेडिओवर फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांना जागा. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना रेडिओ बंद. तीन चतुर्थांशांहून अधिक मते ‘हो’ पडली, यात नवल ते काय! त्याच साली ऑकलंडच्या सुतारांचा तंटा चालू होता. त्यांच्या युनियनची नोंदणी या सरकारने रद्द केली. फ्रेझर स्वतः जुना सुतार, नोंदणी लाथाडणाऱ्या चळवळीतून वर आलेला.

कसा होता माणूस? रात्री उशिरापर्यंत काम करणारा, सगळे कागद स्वतः पाहायचा हट्ट धरणारा, कुणावर काम न सोपवणारा. पत्नी जॅनेट ही त्याची खरी सहकारी. आरोग्याच्या, स्त्रियांच्या कामात ती स्वतः तयार होती. ती मार्च १९४५ मध्ये गेली. त्यानंतर तो फार एकटा पडला असे म्हणतात. साधे सांगायचे तर, टीका करणारे जवळ उरले नाहीत. जे उरले ते खात्यांचे सचिव आणि ‘होय साहेब’ म्हणणारे.

३० नोव्हेंबर १९४९ च्या निवडणुकीत मजूर पक्ष हरला. लोक युद्धकाळच्या निर्बंधांना कंटाळले होते, आणि सार्वमतामुळे पक्षाचे स्वतःचे कार्यकर्ते मनापासून फिरले नाहीत. फ्रेझर १२ डिसेंबर १९५० रोजी वेलिंग्टनमध्ये वारला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी गोदी कामगारांचा तंटा सुरू झाला. १५१ दिवस चालला. नव्या सरकारने गोदीवर सैनिक आणले, युनियनच्या पत्रकांवर बंदी घातली, आणि तंट्यातल्या कामगारांच्या कुटुंबाला अन्न देणेसुद्धा गुन्हा ठरवला. यासाठी त्यांना नवा कायदा करावा लागला नाही. मंदीच्या काळातला, १९३२ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा पुस्तकात होताच. मजूर पक्षाचे सरकार १४ वर्षे सत्तेवर होते, त्यातली जवळपास दहा फ्रेझरची. त्यांनी तो रद्द केला नव्हता. तो रद्द झाला १९८७ मध्ये.

प्रश्न असतील ते चहानंतर घेऊ.